गावांची सामाईक संगणक सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, नगरसेवक आणि परिचालक हे प्रश्न सारखे पाठवत असतात. काही प्रश्न पंचायत समितीच्या सभागृहात प्रशिक्षण संपल्यावर चहाच्या वेळी आले, बरेचसे व्हॉट्सअॅपवर. मी आठ वर्षं गावात संगणक परिचालक होतो. आता शेजारी-शेजारी गावांनी मिळून चालवलेल्या अशा व्यवस्थेचं तांत्रिक काम बघतो. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथं गरज आहे तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सामाईक संगणक सेवा म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

शेतीत सावड करतात, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबतात, तशी ही दप्तराची सावड आहे. शेजारच्या पाच-सहा ग्रामपंचायती, किंवा एखादी नगरपंचायत आणि तिच्या भोवतीची गावं लेखी करार करतात. एकट्या गावाला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून ठेवायचं: एक जाणकार तंत्रज्ञ, चांगला स्कॅनर, बॅकअपची सोय, इंटरनेट बंद पडलं तर दुसरी लाइन, संगणकांची वार्षिक देखभाल, संकेतस्थळ, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. करात, दाखल्यांत, ठरावांत आणि पैशांत मात्र प्रत्येक संस्था स्वतंत्रच राहते. गावाचा कारभार दुसऱ्या गावाकडे जात नाही.

२. "सहकार करार" म्हणता, मग पतसंस्थेसारखी सहकारी संस्था नोंदवावी लागते का?

नाही. आपल्या भागात सहकार म्हटलं की कारखाना, सोसायटी नाहीतर पतसंस्था डोळ्यांसमोर येते, म्हणून हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत निघतो. सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचा इथं संबंध नाही. भागभांडवल नाही, सभासद नाहीत, संचालक मंडळाची निवडणूक नाही. हा स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपसात केलेला करार आहे आणि तो त्या-त्या संस्थेच्या ठरावावर उभा असतो.

३. शासनाची सॉफ्टवेअर आधीच आहेत. मग वाटून घ्यायला उरतं काय?

बरंच काही उरतं. ग्रामपंचायतीच्या हिशोबाचं ई-ग्रामस्वराज २०२० पासून आहे, जन्म-मृत्यूच्या नोंदी केंद्राच्या पोर्टलवर होतात, देयकं पीएफएमएस या केंद्राच्या प्रणालीतून जातात. ही सॉफ्टवेअर वाटून घ्यायची गरज नाही. प्रत्येक गावाचं लॉगिन वेगळं आहे आणि ते वेगळंच राहिलं पाहिजे (प्रश्न ११ पाहा).

अडतं ते सॉफ्टवेअरच्या खालच्या थरात. संगणक बंद पडला तर तालुक्याला न्यायचा, तिथं दुकानदार म्हणणार "ठेवून जा", आणि आठ दिवस गावाचं काम बंद. प्रिंटरचा ड्रम गेला, अँटिव्हायरसची मुदत संपून दोन वर्षं झाली, नमुना ८ (मिळकतींची कर आकारणी) आणि नमुना ९ (कराची मागणी) यांची फाइल एकाच संगणकावर पडून आहे, तिची दुसरी प्रत कुठंच नाही. या सगळ्यावर एका गावानं माणूस ठेवायचा तर घरपट्टीची निम्मी वसुली त्याच्या पगारातच जाईल. सहा गावांनी मिळून ठेवला तर तो आठवड्यातून एक दिवस प्रत्येक गावाला देऊ शकतो.

४. हे कायद्यात बसतं का? उद्या ऑडिटला पॅरा (लेखी आक्षेप) निघायला नको.

बसतं, पण कागद नीट असले तर. ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायत ही स्वतंत्र निगम संस्था आहे, तिला स्वतःच्या नावानं करार करता येतो. शेजारच्या स्थानिक संस्थांबरोबर संयुक्त समिती नेमायची सोयही त्याच अधिनियमात आहे. राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनं, म्हणजे १९९३ पासून, या संस्थांना घटनात्मक दर्जा आहे.

आक्षेप बहुतेक वेळा एकत्र येण्यावर निघत नाहीत, कागद अपुरे असल्यावर निघतात. मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर विषय नव्हता, ठरावात रक्कम लिहिली नाही, सूचक-अनुमोदकांची नावं नाहीत, गणपूर्ती झाल्याची नोंद नाही. प्रत्येक संस्थेनं आपला स्वतंत्र ठराव घ्यावा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: कोणत्या सेवा, किती वर्षांसाठी, वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम आणि सही कोण करणार. विषय ग्रामसभेपुढेही ठेवा. गावाला आधी कळलेलं असलं की नंतर "पैसे दुसऱ्या गावाला दिले" ही कुजबुज होत नाही. करारावर सह्या होण्याआधी मसुदा विस्तार अधिकाऱ्यांमार्फत गट विकास अधिकाऱ्यांना दाखवा आणि त्यांचं पत्र फाइलला लावा. लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच शोधतात.

५. करारात कोणत्या गोष्टी लिहिल्याच पाहिजेत?

मुदत (तीन वर्षं ठीक पडतात), सेवांची यादी, बिघाड कळवल्यावर किती वेळात माणूस येणार, खर्चाचं सूत्र (प्रश्न ७), खरेदी कोणी करायची (प्रश्न ९), माहितीची मालकी (प्रश्न १०), बाहेर पडायची पद्धत (प्रश्न १८) आणि वाद झाला तर तो कोणाकडे न्यायचा. फक्त ग्रामपंचायती असतील तर आधी गट विकास अधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी, असं लिहितात. नगरपंचायत सामील असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाचं नाव घालावं. करार ५०० रुपयांच्या बाँडवर करतात आणि प्रत्येक संस्थेकडे मूळ सह्यांची एक प्रत ठेवतात. झेरॉक्सवर भागवू नका.

६. किती गावांनी एकत्र यावं?

पाच ते आठ. तीनपेक्षा कमी असली तर माणसाचा पगार निघत नाही. दहाच्या वर गेली तर तंत्रज्ञाचा दिवस मोटारसायकलवरच जातो. मोटारसायकलनं अर्ध्या तासात पोचता येईल अशी गावं निवडा. पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली जातो तेही बघा. गोदाकाठच्या आणि मांजरेकाठच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. एकाच बाजाराला जाणारी, आधीपासून येणं-जाणं असलेली गावं जास्त टिकतात.

७. खर्च कसा वाटायचा? प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेसारखं होऊन एकानं थकवलं की सगळे कोरडे, असं व्हायला नको.

ही भीती खरी आहे आणि ती मनातून काढून टाकायला मी सांगणार नाही. एका गावानं वीजबिलाचा वाटा भरला नाही म्हणून दहा गावांचे नळ बंद झालेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून खर्चाचं सूत्र पहिल्या बैठकीतच ठरवा आणि आकड्यांत लिहा.

सगळ्यांना समान वाटा ठेवला तर लहान गाव दबतं. फक्त लोकसंख्येवर ठेवला तर मोठं गाव म्हणतं, तंत्रज्ञ तर सगळीकडे सारखाच येतो. मला पटलेलं सूत्र असं: ४० टक्के खर्च समान, ६० टक्के नमुना ८ वरच्या मिळकतींच्या संख्येवर.

समजा सहा ग्रामपंचायती आहेत, वर्षाचा खर्च ३,६०,००० रुपये आणि सगळ्या मिळून ३,६०० मिळकती. समान भाग १,४४,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी २४,०००. उरलेले २,१६,००० मिळकतींवर वाटले तर एका मिळकतीला ६० रुपये. तर ३०० मिळकतींच्या वाडीचा वाटा २४,००० अधिक १८,००० म्हणजे ४२,००० होतो, आणि १,२०० मिळकतींच्या मोठ्या गावाचा ९६,०००. हा हिशोब फळ्यावर मांडून दाखवला की वाद निम्म्यानं कमी होतो.

थकबाकीसाठी दोन अटी घाला. पहिली, वाटा सहामाही आगाऊ जमा करायचा. दुसरी, थकवणाऱ्या गावाची तंत्रज्ञाची फेरी दोन महिन्यांनी थांबेल, पण त्याचा बॅकअप थांबणार नाही. दुसऱ्या अटीवर मी अडून बसतो. पैसे थकले म्हणून एखाद्या गावाच्या नोंदी धोक्यात घालणं योग्य नाही. त्या नोंदी सरपंचाच्या नसतात, तिथल्या लोकांच्या असतात. शिवाय तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम राखीव ठेवा, म्हणजे एका गावाच्या थकबाकीनं तंत्रज्ञाचा पगार अडत नाही.

८. पैसे कोणत्या निधीतून द्यायचे?

सर्वांत सरळ वाट म्हणजे ग्रामनिधीतलं स्वउत्पन्न. खर्च आधी अंदाजपत्रकात आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात दिसला पाहिजे. स्वउत्पन्नातले मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के, महिला व बालकल्याणाचे १० टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के यांना हात लावायचा नाही.

वित्त आयोगाच्या पैशांत मात्र गफलत होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१ ते २०२६) अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता आणि उरलेल्या अबंधित भागातूनही पगार व आस्थापना खर्चाला मनाई होती. त्या काळातली जुनी देयकं अजून फिरत असतील तर तंत्रज्ञाचा पगार त्यात दाखवू नका. संगणक आणि प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानाकडे जिल्हा परिषदेच्या पंचायत विभागामार्फत विचारणा करता येते.

९. खरेदी कोणी करायची? सगळ्यांनी थोडी-थोडी केली तर निविदा टळेल का?

तसं करू नका. मर्यादेखाली राहण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडणं ही अनियमितता आहे आणि सहा गावांच्या नावानं पाडले तरी ते तुकडेच राहतात. करारात एक अग्रणी संस्था ठरवा. तिनं सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून किंवा निविदेनं एकत्र खरेदी करावी, बाकीच्यांनी आपला वाटा तिच्याकडे आरटीजीएसनं जमा करावा. रोख व्यवहार अजिबात नको. वस्तू अग्रणी संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवा आणि शेरा रकान्यात "सामाईक" असं लिहून कोणत्या गावाचा किती वाटा ते नोंदवा. तीन वर्षांनी कोणी बाहेर पडलं की हाच शेरा कामाला येतो.

१०. आमच्या गावाची माहिती दुसऱ्या गावच्या संगणकात जाणार. मालकी कोणाची?

तुमचीच. यंत्र कोणाच्याही खोलीत असो, माहिती ज्या संस्थेनं गोळा केली तिची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याचा रोखही हाच आहे: लोकांची माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी तिची जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते. म्हणून करारात लिहा की अग्रणी संस्था आणि तंत्रज्ञ हे फक्त सांभाळणारे आहेत, तुमच्या लेखी परवानगीशिवाय ते ती कोणाला दाखवणार नाहीत आणि मागाल तेव्हा परत देतील.

प्रत्यक्षात याचा अर्थ प्रत्येक गावाचं फोल्डर वेगळं, पासवर्ड वेगळा. शेजारच्या गावच्या सदस्याला तुमच्या गावात कोणाची घरपट्टी थकली ते दिसता कामा नये. निवडणुकीच्या तोंडावर तर अजिबातच नको.

११. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांचे डोंगल सामाईक केंद्रावर ठेवले तर देयकं पटापट निघतील. ठेवू का?

नका ठेवू. या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

डोंगलमध्ये त्या व्यक्तीची डिजिटल सही असते आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नं तिला हातानं केलेल्या सहीचाच मान आहे. ग्रामपंचायतीचं देयक दोन सह्यांनी निघतं ते मुद्दाम. एकानं भरायचं, दुसऱ्यानं तपासायचं. दोन्ही डोंगल एकाच माणसाच्या हातात गेले की तपासणारा कोणी उरत नाही.

परिचालक असताना मी एका ठिकाणी कपाट उघडलेलं पाहिलं. आत सहा डोंगल एका सुतळीत ओवून खिळ्याला टांगलेले. प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या पेनानं गावाचं नाव आणि त्याखाली पिन. कपाटाला कुलूप नव्हतं. कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, सगळ्यांचा हेतू काम लवकर व्हावं एवढाच होता. पण त्या सुतळीवर सहा गावांचा वर्षाचा पैसा लटकत होता, आणि त्यातून काही चुकीचं गेलं असतं तर वसुली त्या सहा सरपंचांवर निघाली असती.

महिला सरपंचांना माझी कळकळीची विनंती आहे. डोंगल नवऱ्याकडे, दिराकडे किंवा माझ्यासारख्या तंत्रज्ञाकडे देऊ नका. पिन स्वतः ठरवा, स्वतः टाका. पहिल्या दोन-तीन वेळा अडखळायला होतं, मग पाच मिनिटांचं काम आहे. तंत्रज्ञानं शेजारी बसून शिकवावं, पिन टाकताना मान वळवावी.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या लॉगिनलाही हाच नियम आहे. निबंधकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेला की गावात न झालेल्या जन्मांचे दाखलेसुद्धा निघू शकतात आणि चौकशी निबंधकाची होते. माणूस वाटून घ्या, यंत्र वाटून घ्या. सही आणि पासवर्ड वाटून घेऊ नका.

१२. सामाईक तंत्रज्ञ आला की आमच्या परिचालकाची नोकरी जाईल का?

जायला नको, आणि तशी ती जाणार असेल तर हा करार करू नये असं माझं मत आहे. परिचालक गावात बसतो, लोकांना दाखले काढून देतो, कोणाचं घर कुठल्या गल्लीत ते त्याला माहीत असतं. २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून आणि २०१६ नंतर आपले सरकार सेवा केंद्रांत या पोरांनी तुटपुंज्या मानधनावर, तेही महिनोन्महिने थकलेलं असताना, गावांचा कारभार संगणकावर आणला. सामाईक तंत्रज्ञ त्यांच्या मदतीला असतो. यंत्र दुरुस्त करायचं, बॅकअप घ्यायचा, नवीन गोष्ट शिकवायची, एवढं त्याचं काम. गटातल्याच एखाद्या अनुभवी परिचालकाला हे पद दिलं तर सर्वांत उत्तम. तंत्रज्ञाची नेमणूक अग्रणी संस्थेनं कंत्राटी पद्धतीनं करावी आणि त्याच्या फेऱ्यांची नोंदवही प्रत्येक गावात ठेवून सही घ्यावी.

१३. आमच्याकडे लाईट टिकत नाही, रेंज नाही. मग याचा काय उपयोग?

उलट अशा गावांनाच जास्त उपयोग. गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेची पेटी बऱ्याच ग्रामपंचायतींच्या भिंतीवर आहे, पण दिवा लागत नाही. तक्रार करायची कुठं आणि पाठपुरावा कोणी करायचा हेच ठरलेलं नसतं. सहा गावांची तक्रार एका लेखी पत्रावर गेली की तिला वजन येतं. तोवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि एक चांगला अँटेना ठेवा. लाईटसाठी इन्व्हर्टरची बॅटरी दर तीन महिन्यांनी तपासायचं काम तंत्रज्ञाच्या यादीत टाका. आणि ती बॅटरी गणपतीत मंडपाला न्यायची नाही, हे ठरावातच लिहा.

१४. बॅकअप म्हणजे पेनड्राइव्हला कॉपी करून ठेवलं की झालं ना?

मलाही तसंच वाटायचं. २०१९ च्या जून महिन्यात माझ्या केंद्रावरची हार्डडिस्क बसली. पेनड्राइव्ह होता, पण तो त्याच टेबलाच्या खणात होता आणि त्यावरची फाइल सात महिने जुनी निघाली. घरकुलाच्या कागदांसाठी नमुना ८ चा उतारा मागायला एक मावशी तालुक्याहून दोनदा परत आल्या होत्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या मला काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बाकावर बसून राहिल्या. अकराशे मिळकतींच्या नोंदी कागदावरून पुन्हा भरायला मला चार महिने लागले.

तेव्हापासून नियम असा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. सामाईक व्यवस्थेत हे सोपं होतं, कारण तुमची प्रत शेजारच्या गावात कुलूपबंद राहते आणि त्यांची तुमच्याकडे. तिसरी प्रत केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची मान्यता असलेल्या क्लाउडवर. "गावाबाहेर" हा शब्द हलका घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतीच्या गावांत भिंतीच उरल्या नाहीत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडच्या गावांत घराघरांत पाणी शिरलं. संगणक जमिनीवर ठेवू नका.

आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एक फाइल परत उघडून बघा. उघडत नसेल तर तो बॅकअप नव्हेच.

१५. सगळी गावं एका जाळ्यात असली तर एकाला व्हायरस लागला की सगळ्यांना लागेल?

जाळं नीट वेगळं केलेलं नसेल तर लागेल. म्हणून गावागावांचे संगणक एकमेकांना थेट जोडायचे नाहीत. फायली अचानक उघडेनाशा झाल्या आणि पडद्यावर पैशांची मागणी दिसली, तर संगणकाची इंटरनेटची वायर काढा, दुसरं काही करू नका आणि तंत्रज्ञाला फोन करा. पैसे देऊ नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावा लागतो. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकाला फोन करा आणि मग पोलीस ठाण्यात जा.

१६. माहिती अधिकाराचा अर्ज आला तर उत्तर कोण देणार? दाखला उशिरा गेला तर दंड कोणाला?

ज्याची माहिती, त्याचा जनमाहिती अधिकारी. ३० दिवसांची मुदत त्यालाच लागू. चुकून अग्रणी गावाकडे अर्ज आला तर त्यांनी तो ५ दिवसांत तुमच्याकडे हस्तांतरित करायचा. "माहिती सामाईक केंद्रावर आहे" हे उत्तर माहिती आयोगापुढे टिकणार नाही.

दाखल्यांचंही तसंच. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार उशीर झाला तर ५०० ते ५,००० रुपयांपर्यंतचा दंड पदनिर्देशित अधिकाऱ्यावर बसतो, तंत्रज्ञावर नाही. म्हणून बिघाड कळवल्याची तारीख-वेळ नोंदवहीत लिहीत जा.

१७. अग्रणी संस्थेला दिलेल्या वाट्यावर जीएसटी लागतो का?

एका स्थानिक संस्थेनं दुसऱ्या स्थानिक संस्थेला दिलेली अशी सेवा २०१७ च्या सूट अधिसूचनेनुसार करमुक्त आहे. विक्रेत्याकडून घेतलेल्या संगणकावर मात्र १८ टक्के द्यावाच लागतो. विक्रेत्याशी करार अडीच लाखांच्या वरचा असेल तर २ टक्के जीएसटी टीडीएस कापायला विसरू नका. पॅरा बहुधा इथंच निघतो.

१८. नवीन सरपंच आले आणि त्यांना हा करार नको असेल तर?

करार ग्रामपंचायतीनं केलेला असतो, व्यक्तीनं नाही. सरपंच बदलले म्हणून तो आपोआप संपत नाही. बाहेर पडायचा हक्क मात्र असलाच पाहिजे, नाहीतर करार फास होऊन बसतो. आम्ही असं लिहितो: मासिक सभेचा ठराव, ९० दिवसांची लेखी सूचना, चालू सहामाहीचा वाटा पूर्ण भरायचा. त्या ९० दिवसांत अग्रणी संस्थेनं सगळी माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशा फायलींत आणि स्कॅन केलेल्या प्रतींत परत द्यायची, आपल्याकडची प्रत पुसून तसं प्रमाणपत्र द्यायचं. सामाईक वस्तूंची घसारा वजा जाता किंमत काढून वाटा द्यायचा (प्रश्न ९ मधला शेरा इथं लागतो). पासवर्ड त्याच दिवशी बदलायचे.

संस्थेवर प्रशासक असतील तर सभेचे अधिकार त्यांच्याकडे असतात, त्यामुळे करार करता येतो. माझा सल्ला एवढाच की प्रशासकांच्या काळातला करार एक वर्षाचाच ठेवा, पुढचं निवडून आलेल्यांना ठरवू द्या. आचारसंहितेत नवीन करार करू नका.

१९. नगरपंचायत आणि ग्रामपंचायत एका करारात येऊ शकतात? आणि मध्येच आमची ग्रामपंचायत नगरपंचायत झाली तर?

येऊ शकतात. नगरपंचायतीला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, ग्रामपंचायतीला वेगळा, म्हणून ठराव आपापल्या पद्धतीनं घ्यायचा आणि मुख्याधिकाऱ्यांनी नगरपंचायतीच्या वतीनं सही करायची. नगरपंचायतीकडे जागा, लाईट आणि लेखापाल जास्त बरे असतात, त्यामुळे अग्रणी म्हणून ती सोयीची. पण समितीत मत प्रत्येकाला एकच ठेवा, नाहीतर गावं हळूहळू गप्प बसतात.

२०१४ नंतर घनसावंगी, बदनापूर, सेनगाव, देवणी अशा तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या, त्यामुळे दुसरा प्रश्नही कल्पनेतला नाही. नव्या संस्थेकडे जुनीची मालमत्ता आणि देणी दोन्ही येतात. करारात "किंवा तिची उत्तराधिकारी संस्था" हे शब्द घाला आणि सहा महिन्यांत वाट्याचं सूत्र नव्यानं मांडा, कारण मिळकतींची संख्या आणि कर आकारणीची पद्धत दोन्ही बदलतात.

२०. आमचं शेजारचं गाव नदीपलीकडे दुसऱ्या जिल्ह्यात आहे. चालेल?

गोदावरीच्या अलीकडे अंबड-घनसावंगी, पलीकडे गेवराई-माजलगाव. जिल्हे दोन, पण बाजार आणि सोयरीक एकच. चालेल, फक्त दोन्ही जिल्हा परिषदांना पत्र द्या आणि वादाचं कलम त्याप्रमाणे बदला. देगलूर-बिलोलीकडून तेलंगणातल्या आणि उदगीर-देवणीकडून कर्नाटकातल्या गावांबद्दलही विचारणा येते. तिथं कायदा, सॉफ्टवेअर, लेखापरीक्षण सगळंच वेगळं, म्हणून करार करू नका. अनुभवाची देवाणघेवाण जरूर करा.

२१. जुनी मोडी आणि उर्दू दप्तरं स्कॅन करायची आहेत. हे सामाईक करता येईल का?

माझ्या मते सावड सुरू करायला याहून चांगलं काम नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा निजामकाळातल्या कागदांचं मोल घराघरांत कळलं. कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यू नोंदवह्या, कुठं तहसीलच्या अभिलेख कक्षात, कुठं गावातच पडून होत्या. पानं इतकी ठिसूळ की बोटानं उलटली तर कोपरा हातात येतो. शाई फिकट तपकिरी, काही ठिकाणी वाळवीनं ओळच्या ओळ खाल्लेली.

यासाठी वरून फोटो घेणारा स्कॅनर लागतो. कागद आत ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये ही पानं टाकू नका, ती फाटतात. असा एक स्कॅनर सहा गावांना पुरतो. दप्तर गावाबाहेर न नेता स्कॅनरच गावात न्यायचा. महसुलाचं दप्तर असेल तर तहसीलदारांची लेखी परवानगी आधी घ्या. पान उलटताना दोन माणसं हवीत, एक उलटणारा आणि एक फाइलला नाव देणारा. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि पानाचा क्रमांक घाला. मोडी आणि उर्दू वाचणारी जुनी माणसं अजून आहेत. त्यांना मानधन देऊन प्रत्येक पानाखाली निदान नावं आणि तारखा देवनागरीत लिहून घ्या, आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. गेल्या वर्षी आमच्या गटासाठी उर्दू नोंदी वाचून देणारे आजोबा ८४ वर्षांचे आहेत. अजून दोन गावांची दप्तरं त्यांच्यासमोर ठेवायची राहिली आहेत.